सासूबाईंचे डायपर आणि सोसायटीचा ‘शून्य कचरा’ ठराव

तुमच्या प्रश्नात तीन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत, म्हणून आधी ती सुटी करते. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. रोज चार-पाच डायपर लागतात. सोसायटीने ‘शून्य कचरा’ असा ठराव करून मिश्र कचऱ्याला पाचशे रुपये दंड ठेवला. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी तुमची पिशवी उचलायला नकार दिला. सेक्रेटरींनी त्या पिशवीचा फोटो ग्रुपवर टाकला, त्याखाली कुणीतरी ‘पूर्वी कुठे होते डायपर, कापडी वापरा’ असं लिहिलं, आणि घरात तुमचा कॉलेजातला मुलगाही तेच म्हणतो. तुम्ही विचारताय, आम्ही पर्यावरणाचे गुन्हेगार आहोत का? आणि ताईंनी नाहीच उचललं तर आम्ही करायचं काय?

गुन्हेगार नाही. पण ताईंचं बरोबर आहे. सोसायटीचं निम्मं बरोबर आहे. आणि कापडी वापरा म्हणणाऱ्यांचं, निदान तुमच्या घरापुरतं, चूक आहे.

मी बरीच वर्षं पुण्यात कचरावेचक बायकांबरोबर काम केलं, आता सोसायट्यांमध्ये कचऱ्याचं वर्गीकरण बसवून देते. झोपून असलेल्या माणसांची घरं त्यामुळे सतत पाहण्यात येतात. ओला-सुका यावर तावातावाने बोलणारी मंडळी डायपरचा विषय निघाला की एकदम वेगळ्याच सुरात बोलायला लागतात. मी अशा घरात एवढंच बघते की ही घाण शेवटी कुणाच्या हातात जाते आणि त्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का. तुमच्या प्रकरणात सासूबाईंना कुणी विचारलं नाही, ताईंना कुणी विचारलं नाही, आणि सगळ्याचा निकाल ग्रुपवर लागला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. सासूबाईंना लघवीची जाणीव होते का? आधार दिला तर बसता येतं का? दिवसा येणाऱ्या मावशी किती तास असतात? आणि तुमच्या भागात सॅनिटरी कचरा पुढे वेगळा नेण्याची सोय कितपत चालू आहे? एकाच शहरात दोन वॉर्डांत याची दोन उत्तरं मिळतात. तेव्हा पुढचं वाचताना तुमच्या घराला लागू पडेल तेवढंच घ्या.

आधी ताईंबद्दल, कारण त्यांच्यावर तुमचा राग दिसतो. ‘त्यांचं कामच आहे ना ते’ असं तुम्ही लिहिलंय. कचरा नेणं हे त्यांचं काम आहे. दुसऱ्याची विष्ठा हाताळणं हे कुणाचंच काम असू नये, असं या देशाने कायदा करून ठरवलंय. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली दुसऱ्यांदा कायदा करावा लागला, कारण १९९३ चा पहिला पुरला नाही. तुमची पिशवी त्या कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही, हा वकिलांचा विषय. पण पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित समाजातल्या आहेत, आणि ही घाण पिढ्यान् पिढ्या कुणाच्या वाट्याला आली हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली, पुढे ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला, तो याचसाठी. उकिरड्यात हात घालण्याऐवजी दारात मान वर करून कचरा घ्यायचा.

आता पिशवीचं काय होतं ते बघा. तुम्ही डायपर काळ्या पिशवीत घालून गाठ मारली. तुमच्या दृष्टीने ते झाकलेलं, व्यवस्थित. ताईंच्या दृष्टीने काळी गाठ मारलेली पिशवी म्हणजे आत काय आहे ते ठाऊक नाही. त्यांची कमाई सुक्यातल्या विकाऊ मालावर, बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या यांवर असते, त्यामुळे ती पिशवी उघडावीच लागते. उघडली की हात थेट आत. आणि नुसता डायपर असता तर एक वेळ. मधुमेहाचं माणूस घरात असलं की त्याच पिशवीत साखर तपासायच्या सुया, इन्सुलिनच्या सुया हमखास निघतात. हातमोजे घातले तरी सुई आरपार जाते. तुमच्याकडे सुया असतील तर त्या आजपासून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा, डब्यावर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा, आणि भरला की सांगून, हातात द्या.

डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात याच बायकांच्या आग्रहाने रुजली. ठिपका दिसला की पिशवी उघडायची गरजच उरत नाही, तो गठ्ठा न सोडता थेट वेगळ्या बादलीत जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून वेगळा द्यायचं लिहून आलं, आणि गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली गेली. तुमच्या डायपरच्या पाकिटात असली पिशवी कधी आली का बघा. बहुधा नसेल. कंपनीला जे नकोय ते तुमच्यावर, तुम्हाला जे नकोय ते ताईंवर. (करांचंही असंच. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी आंदोलनं झाल्यावर २०१८ मध्ये शून्य झाला. मोठ्यांच्या डायपरवर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५ आहे. झोपून असलेली म्हातारी माणसं मोर्चा काढत नाहीत.)

घरात करायचं ते असं. डायपर काढला की त्यातला मळ आधी संडासात टाकून पाणी सोडा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच सगळे टाळतात. मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा, वर्तमानपत्रात बांधा, लाल स्केचपेनने ठळक खूण करा. झाकणाची एक छोटी बादली बाल्कनीत किंवा कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि त्यात फक्त हेच टाका. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यासोबत कधीच नाही. मावशी डायपर बदलत असतील तर त्यांनाही हातमोजे द्या आणि हे सगळं एकदा स्वतः करून दाखवा. सांगून सोडलं तर चौथ्या दिवशी काळी पिशवी परत येते.

आणि वजन. ओला डायपर हातात धरून बघा. आतली पावडर पाणी शोषून जेलीसारखी फुगते. चार-पाच डायपरचं रोजचं ओझं दीड-दोन किलो सहज होतं, आणि ते तुमच्या मजल्यावरून ढकलगाडीपर्यंत एक पन्नाशीची बाई नेते. म्हणून ताईंशी बसून बोला. दारात उभं राहून नाही. कोणत्या वेळी देऊ, बादली खाली आणून ठेवली तर बरं पडेल का, असं विचारा. या जास्तीच्या कामाचे महिन्याला वेगळे पैसे द्या आणि रक्कम तुम्ही ठरवू नका, त्यांना सांगू द्या. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत नकार एवढ्यावरच मिटला. त्यांचा आक्षेप डायपरला कमी असतो, फसवून दिलेल्या पिशवीला जास्त असतो.

आता सोसायटी. वर्गीकरणाचा आग्रह धरणं बरोबरच आहे, आणि का ते मुलालाही सांगा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, डेपोला आगी लागल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. आपल्या सोसायटीत ‘शून्य’ झालेला कचरा कुणाच्या तरी शिवारात आकडा होऊन बसतो. तेव्हा ‘एवढ्याशा डायपरने काय होतंय’ हा युक्तिवाद मी तुमच्या बाजूने करणार नाही. ते प्लास्टिक कुजत नाही, खत होत नाही, आणि भंगारवाला घेत नाही.

पण दंड लावायची ही पद्धत नव्हे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे, सदस्याला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून, विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो. सेक्रेटरींच्या मेसेजने दंड होत नाही. आणि शिक्षा कुणाला झाली तेही पाहा. तुमच्या सोसायटीत लहान मुलांचे डायपर आहेत, सॅनिटरी पॅड आहेत, पार्सलचे तेलकट डबे आहेत, ते सगळं काळ्या पिशव्यांतून जातंय. पकडलं जातं ते घर, ज्याची पिशवी लांबून ओळखू येते. आजारी माणसाचं घर नेहमीच ओळखू येतं. फोटो टाकण्याला तर काहीच समर्थन नाही. एका बाईचं अंथरुणातलं दुखणं साठ घरांच्या मोबाइलवर गेलं.

समितीला पत्र द्या, पण वकिली नोटीस नको, शेजाऱ्यांशी पुढे वीस वर्षं काढायची आहेत. पत्रात एवढंच असू द्या: घरात अपंगत्व असलेली व्यक्ती आहे, तिचा सॅनिटरी कचरा आम्ही गुंडाळून, खूण करून, वेगळ्या बादलीत देऊ, तो मिश्र कचरा धरू नये, फोटो काढून टाकावा, आणि सगळ्याच घरांच्या सॅनिटरी कचऱ्यासाठी खाली एक झाकणाची वेगळी बादली ठेवावी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचा एका ओळीत उल्लेख करा. त्या कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा असला तरी एखाद्याला तो पाळता यावा म्हणून लागेल तेवढा बदल करून द्यायचा, आणि तो नाकारणं हा भेदभाव धरायचा. सोसायटीशी बोलताना ही कल्पना उपयोगी पडते, कारण तुम्ही सूट मागत नाही आहात, नियम पाळायचा रस्ता मागताय. सासूबाईंचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. झटक्याने आलेलं अपंगत्वही त्यात येतं, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर इतर सवलतींनाही ते लागतं.

समितीतलं कुणीतरी एव्हाना ‘आपण जाळायचं छोटं यंत्र बसवू’ म्हणालं असेल. नको म्हणा. ती यंत्रं पॅडसाठी विकली जातात. मोठा, पाण्याने फुगलेला डायपर त्यात धड जळत नाही, धुमसतो, आणि प्लास्टिकचा तो धूर तळमजल्यावरच्या घरात आणि वॉचमनच्या खोलीत जातो.

आता कापडी डायपर. पूर्वी डायपर नव्हते हे खरं. पूर्वी झोपून असलेली माणसं ओल्यात पडून राहायची, पाठीला जखमा व्हायच्या, आणि घरातली एखादी सून दिवसभर ते कपडे धूत असायची, हेही खरं. ‘कापडी वापरा’ म्हणणाऱ्याला एकच विचारा, धुणार कोण? तुम्ही नोकरी करून घर सांभाळता असं लिहिलंय. मग एक तर तुम्ही, नाहीतर मावशी. पर्यावरणाचा हिशेब असा एका बाईच्या मनगटावर चुकता करायचा असेल तर तो हिशेब मला मान्य नाही. शिवाय दिवसाला दहा-बारा मोठे जाड कपडे गरम पाण्याने धुवायचे म्हणजे पाणी आणि वीज आली, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो म्हणता. सगळ्यात मोठी अडचण कातडीची. कापड ओलं झालं की ओल कातडीला लागूनच राहते. हालचाल नसलेल्या माणसाला त्यातून बेडसोअर व्हायला वेळ लागत नाही, आणि तो भरायला महिने जातात. दोन तासांनी कूस बदलणं आणि कातडी कोरडी ठेवणं यात कसलीही काटकसर नाही. डायपर कमी लागावेत म्हणून पाणी कमी पाजणं तर अजिबात नाही, त्याने लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ दोन्ही मागे लागतात.

मुलाला हेही सांगा की एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली ती योग्यच, पण हात थरथरणाऱ्या किंवा मान न सावरणाऱ्या माणसाला वाकणारी स्ट्रॉ हेच पाणी पिण्याचं साधन असतं. कागदाची त्याच्या तोंडात लगदा होते. तुमच्या-माझ्या सोयीची वस्तू आणि त्याच्या गरजेची वस्तू दिसायला एकसारखी असते, म्हणून बंदी घालताना त्याची आठवण कुणाला राहत नाही.

हे सगळं म्हटलं तरी डायपर कमी होऊ शकतात, आणि मला वाटतं तुमच्या घरात होतील. हॉस्पिटलमधून सोडताना डायपर लावून पाठवतात, घरचे तेच पुढे चालू ठेवतात, आणि आता त्याची गरज आहे का हे दीड वर्षात कुणी पुन्हा तपासत नाही. झटक्यानंतर पुष्कळांचा लघवीवरचा ताबा हळूहळू परत येतो. सासूबाईंचा आला असेल, पण त्या सांगणार कशा? नीट बोलता येत नाही, हाक मारली तर कुणी येईपर्यंत वेळ निघून जाते, मग डायपर आहेच.

तीन-चार दिवस एका कागदावर वेळा लिहून ठेवा, पाणी कधी प्यायल्या, डायपर कधी ओला सापडला. बहुतेकांचं एक गणित दिसून येतं. ते दिसलं की त्या वेळेच्या थोडं आधी, साधारण दर दोन-तीन तासांनी, त्यांना कमोड खुर्चीवर (बसायच्या जागी भोक आणि खाली भांडं असलेली खुर्ची) बसवून बघा. मधे अपघात झाला तर चालेल, दिवसा धुता येणारं अंडरपॅड खाली घाला. रात्री डायपर राहू द्या, रात्रीची झोप त्यांनाही हवी आणि तुम्हालाही. हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि फिजिओथेरपिस्टकडून पलंगावरून खुर्चीवर न्यायची रीत शिकून घ्या. उजवी बाजू गेलेल्या माणसाला खुर्ची त्याच्या डाव्या हाताशी लावावी लागते, म्हणजे चांगल्या बाजूने तो स्वतःला ओढून घेतो. मावशींनी काखेत हात घालून उचलायचं नाही, दुखऱ्या खांद्याला इजा होते. जमलं तर दिवसाचे दोन-तीन डायपर वाचतात. नाही जमलं तर नाही, त्याचा अपराध वाटून घेऊ नका.

हे सगळं करताना सासूबाईंना विचारा. नीट बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. ‘लघवी’, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘हो’, ‘नको’ अशी पाच चित्रं किंवा शब्द पुठ्ठ्यावर चिकटवून डाव्या हाताशी ठेवा. एक बेलही. ज्या विषयावर साठ घरांनी मत दिलं त्यात त्यांचं मत अजून आलेलं नाही.

संडासाकडे मात्र नीट बघा. आपल्याकडच्या फ्लॅटचे संडास-बाथरूमचे दरवाजे सव्वादोन ते अडीच फुटांचे असतात, त्यातून चौकट वजा करा. साधी चाकाची खुर्चीच दोन फुटांच्या वर रुंद असते, शिवाय चाक फिरवणारे हात बाजूला बाहेर येतात. वर उंबरा. म्हणजे ताबा असूनही माणूस संडासापर्यंत पोचत नाही आणि त्याला डायपर लावला जातो. हा डायपर आजाराने लागलेला नाही, दरवाज्याने लावलेला आहे. घराबाहेर पडणाऱ्या अपंग बायका दिवसभर पाणी न पिता राहतात तेही याचमुळे. तुमच्या सोसायटीला खरोखर कचरा कमी करायचा असेल तर दंडाच्या पैशांतून लिफ्टपाशी रॅम्प आणि क्लबहाउसच्या संडासाला रुंद दरवाजा करून घ्यावा, असं मी सभेत म्हणेन. हसतील, पण टिपणात येऊ द्या.

आता या आठवड्यापुरतं. आजच सुया असतील तर वेगळ्या करा, लाल खूण आणि बादली सुरू करा. ताईंशी उद्या सकाळी बोला. पत्र रविवारपर्यंत द्या, तोवर दंड भरू नका आणि ग्रुपवर उत्तर देऊ नका. ताईंनी बोलूनही नाही म्हटलं तर त्यांच्यावर जोर करू नका. वॉर्डाच्या आरोग्य कोठीवर (महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी) जाऊन सॅनिटरी कचरा वेगळा कधी आणि कोणत्या गाडीत घेतात ते मुकादमाला विचारा, आणि काही दिवस ती बादली मुलाला तिथवर नेऊ द्या. पर्यावरणाचा अभ्यास त्यालाही होईल.

आणि इथे दोन मापं लिहून कळवा. संडासाच्या दरवाज्याची रुंदी, चौकटीच्या आतून आतपर्यंत, दार पूर्ण उघडं ठेवून. आणि पलंगाची जमिनीपासूनची उंची, गादीसकट. कमोड खुर्ची कोणती घ्यायची, चाकांची की बिनचाकांची, ते त्यावरून सांगता येईल. तोवर दुकानदार देईल ती घेऊन टाकू नका, बहुतेकांच्या बसायच्या उंचीत पलंगाशी चार-पाच इंचांचा फरक पडतो आणि मग ती खुर्ची वर्षभर कपडे वाळत घालायला वापरली जाते.